गळ्याच्या जागी गिटार

जो सॅट्रियानी या अमेरिकन गिटारवादकाचा ‘सर्फिंग विथ द एलियन’ हा अल्बम ऑक्टोबर १९८७मध्ये बाजारात आला. दहा रचना, सगळ्या मिळून अडतीस मिनिटांच्या आत, आणि गायलेला शब्द एकही नाही. रॉकच्या धंद्यात त्या काळी असा माल कुणी मोठ्या आशेने दुकानात ठेवत नसे. चेहरा गायकाचा, मुलाखत गायकाची, टीव्हीवरच्या व्हिडिओत केस उडवत पुढे येणार तोही गायकच. गिटारवाल्याच्या वाट्याला दोन कडव्यांमधले वीस-तीस सेकंद यायचे. काय कसब दाखवायचं ते त्याने तेवढ्यात दाखवावं. अशा दिवसांत हा बिनशब्दांचा अल्बम ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन नियतकालिकाच्या खपाच्या यादीत २९व्या क्रमांकापर्यंत चढला आणि पुढे अमेरिकेत दहा लाखांचा टप्पा गाठून प्लॅटिनम ठरला.

ही पुस्तिका त्या अल्बमबद्दल आहे. ज्यांचा कान नाट्यगीतावर, भावगीतावर, सतारीवर तयार झाला आहे आणि ज्यांना इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की आधी गोंगाटच आठवतो, असे वाचक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर होते. गिटार शिकणारी मुलं हा अल्बम आधीच पाठ करून बसली आहेत. त्यांना प्रस्तावनेची गरज नाही. त्यांच्याशी माझं थोडं भांडणही आहे. सॅट्रियानीचं नाव काढलं की ती बोटांच्या वेगाबद्दल बोलतात. वेग आहेच, नाकारायचं कारण नाही. पण १९८७च्या आसपास त्याच्याइतके, काही बाबतींत त्याच्याहून वेगवान गिटारवाले अमेरिकेत बरेच होते आणि त्यांचे अल्बम आज त्यांच्या चाहत्यांपलीकडे कुणी लावत नाही. हा टिकला तो चालींमुळे. सॅट्रियानीने गायकाची जागा रिकामी ठेवली नाही. तिथे गिटार उभी केली आणि तिला गाता येतील अशा चाली बांधल्या. पुढची सगळी टिपणं या एकाच म्हणण्याभोवती फिरतात.

आपल्याकडे वाद्याने गाणं सांगण्याची सवय जुनी आहे. पी. मधुकरांची पेटी, प्रभाकर जोगांचं व्हायोलिन, व्हॅन शिपले यांची फिल्मी गाण्यांवरची गिटार यांवर पिढ्या वाढल्या. पण त्यात एक सोय होती. मूळ गाणं आपल्याला ठाऊक असायचं. वाद्य चाल वाजवायचं आणि शब्द आपण मनातल्या मनात भरायचो. ‘इन्स्ट्रुमेंटल’ या नावाखाली दुकानात ज्या कॅसेटी मिळत, त्यातल्या बहुतेक अशाच. दुसऱ्या टोकाला शास्त्रीय वादन. ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आपण १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ऐकली, ती मांडीवर आडवी ठेवून, तारेवर पोलादी तुकडा सरकवत वाजवलेली. तिथे शब्दांची उणीव भासत नाही, कारण राग हीच ओळखीची गोष्ट असते. सॅट्रियानीकडे या दोन्ही सोयी नव्हत्या. त्याच्या चालींना शब्द कधी नव्हतेच, आणि त्याच्या श्रोत्यांकडे रागासारखी आधीपासूनची ओळखही नव्हती. साडेतीन-चार मिनिटांत अनोळखी चाल लोकांच्या तोंडी बसवायची, हे काम त्याने अंगावर घेतलं.

तो यातला पहिला नव्हे. लिंक रे याची ‘रंबल’ ही गिटारची रचना १९५८ साली आली तेव्हा अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ती वाजवायचं नाकारलं. तरुण पोरं मारामाऱ्या करतील अशी भीती. शब्द एक नाही आणि तरी बंदी! इंग्लंडात ‘द शॅडोज’च्या ‘अपाची’ने १९६० साली घराघरांत गिटार नेली. आणि १९७५ साली इंग्लिश गिटारवादक जेफ बेकने ‘ब्लो बाय ब्लो’ काढला. निर्माता जॉर्ज मार्टिन, बीटल्सवाला. तो अल्बम अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. बेकचं वादन माझ्या मते सॅट्रियानीपेक्षा खोल आहे. पण बेकच्या अल्बमवरच्या सर्वांत हळव्या दोन-तीन चाली इतरांनी बांधलेल्या आहेत. त्यातली एक स्टीव्ही वंडरची. ‘सर्फिंग’मधल्या दहाही रचना सॅट्रियानीच्या स्वतःच्या आहेत. मला तो प्रथम रचनाकार आणि मग वादक वाटतो, त्याचं हे एक कारण.

त्याच्या घडणीबद्दल थोडं. जन्म १९५६चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. १८ सप्टेंबर १९७० रोजी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स लंडनमध्ये वारला. चौदा वर्षांच्या सॅट्रियानीला ती बातमी शाळेत, अमेरिकन फुटबॉलच्या सरावाच्या वेळी कळली. तो तसाच प्रशिक्षकाकडे गेला आणि म्हणाला, मी खेळ सोडतोय, गिटार वाजवणार आहे. ही हकिकत त्याने इतक्यांदा सांगितली आहे की तिची दंतकथा झाली आहे. मला तिच्यापेक्षा त्यानंतरचं शिक्षण महत्त्वाचं वाटतं. शाळेत बिल वेस्टकॉट नावाचे संगीतशिक्षक होते. त्यांच्याकडून त्याला स्वरशास्त्राचा पाया मिळाला. पुढे थोडा काळ तो लेनी ट्रिस्टॅनो या अंध जॅझ पियानोवादकाकडे शिकला. ट्रिस्टॅनोची शिस्त कडक म्हणून प्रसिद्ध होती. मोठ्या जॅझ कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका ऐकायच्या आणि त्यांतलं वादन आधी गळ्याने गाऊन दाखवायचं. वाद्याला हात नंतर. आपल्याकडे सतारियाला किंवा बासरीवाल्याला बंदिश गाता यायला हवी म्हणतात, त्याच धर्तीचं हे शिक्षण. ‘सर्फिंग’मधल्या चाली गुणगुणता का येतात याचं उत्तर मी इथे शोधतो.

स्वतः शिकता शिकता तो शिकवूही लागला. लाँग आयलंडवर एक मुलगा गिटार आणि तारांचं पाकीट घेऊन त्याच्याकडे आला. गिटारला तार कशी लावतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो स्टीव्ह वाय. पुढे सॅट्रियानी कॅलिफोर्नियात बर्कलीला गेला आणि तिथल्या एका गिटारच्या दुकानात त्याने कितीतरी वर्षं शिकवण्या घेतल्या. मेटालिकाचा कर्क हॅमेट, टेस्टामेंटचा ॲलेक्स स्कॉलनिक, प्रायमसचा लॅरी लालॉन्ड हे सगळे त्याच्या हाताखालून गेले. गंमत अशी की शिष्य आधी गाजले. १९८६ साली वाय हा गायक डेव्हिड ली रॉथच्या बँडमध्ये चमकत होता आणि मुलाखतींतून आपल्या शिक्षकाचं नाव घेत होता, तेव्हा शिक्षक अजून शिकवण्यांवर घर चालवत होता.

त्या आधी, १९८४ साली, सॅट्रियानीने स्वतःच्या पैशाने एक छोटी ध्वनिमुद्रिका काढली होती. तिच्यावरचा प्रत्येक आवाज, ढोलासारखा ठोका धरून, इलेक्ट्रिक गिटारमधून काढलेला. पहिला पूर्ण अल्बम ‘नॉट ऑफ धिस अर्थ’ १९८६चा. त्याचा खर्च टपालाने आलेल्या एका क्रेडिट कार्डावर भागवला. वायच्या शब्दावर रिलेटिव्हिटी या छोट्या कंपनीने तो घेतला. दुसऱ्या अल्बमसाठी, म्हणजे ‘सर्फिंग’साठी, सुमारे १३ हजार डॉलर मिळाले. मोठ्या बँडचे अल्बम तेव्हा लाखो डॉलर खात, हे लक्षात घेतलं की आकड्याचा अर्थ कळतो.

ध्वनिमुद्रण सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइड स्ट्रीट स्टुडिओत झालं. सहनिर्माता आणि ध्वनिमुद्रक जॉन क्युनिबर्टी. ड्रमवर जेफ कँपिटेली, पण पुष्कळ ठिकाणी ड्रम मशीनच चालतं, कारण पैसा आणि वेळ दोन्ही मोजके. गिटार आणि बेस (खर्जाच्या स्वरांची गिटार) सॅट्रियानीचेच. शीर्षकरचनेची मुख्य चाल आणि सोलो ज्या आवाजात वाजले आहेत तो आवाज त्यांना पुन्हा मिळालाच नाही: इव्हेंटाइड हार्मोनायझर नावाचं यंत्र ध्वनिमुद्रणानंतर बिघडलं, आणि दुरुस्त होऊन आलं तेव्हा त्याचा स्वभावच बदलला होता. जे टेपवर उतरलं होतं तेच ठेवावं लागलं. आज ती रचना ऐकताना तो किंचित वेडावाकडा, घशातून आल्यासारखा स्वर कानात राहतो, तो असा.

आता थोडं तंत्राकडे वळायला हवं, नाहीतर ‘गिटार गाते’ हे नुसतं कौतुकाचं वाक्य राहील.

छेडलेली तार लगेच मंदावू लागते. सतार, सरोद, संतूर या सगळ्या वाद्यांची ही अडचण आहे. गवय्यासारखा श्वासभर लांबवलेला, वाढत जाणारा स्वर त्यांना मिळत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेरचा सिग्नल दिला की तो ध्वनिलहरीचे माथे छाटून टाकतो. त्यातून नवे उपस्वर निघतात, म्हणून आवाज खरखरीत आणि भरदार होतो. शिवाय मोठा आवाज आणि मंद आवाज जवळजवळ एकाच पातळीवर येतात, म्हणून तार थकत चालली तरी कानाला स्वर टिकून राहिल्यासारखा वाटतो. आवाज पुरेसा चढवला तर स्पीकरमधून निघालेला ध्वनी तारेला पुन्हा हलवतो आणि स्वर हवा तेवढा थांबवता येतो. ज्याला आपण गोंगाट म्हणतो त्या ‘डिस्टॉर्शन’चं खरं काम हे आहे. त्याने गिटारला श्वास दिला.

श्वास मिळाल्यावर बाकीचा गळा आला. सतारिया पडद्यावर तार आडवी ओढून मींड काढतो. गिटारवालाही तार तशीच ओढतो, फक्त त्याची ओढ थोड्या स्वरांपुरती. सतारीच्या कृंतनाला समांतर असं डाव्या बोटांनी स्वर ठोकणं आणि खुडणं आहे. सॅट्रियानीच्या हातात ते इतकं गुळगुळीत आहे की उजव्या हाताचा आघात कुठे पडला हे बरेचदा कळत नाही, आणि आलाप-तानांचा ओघ येतो. घोडीला जोडलेली एक दांडी असते, ती दाबली की सगळ्या तारा सैल पडतात, उचलली की ताणल्या जातात; तिच्यामुळे स्वर डोलतो, कोसळतो, किंचाळतो. आणि पायाखालचं ‘वा’ पेडल आवाजातल्या वेगवेगळ्या कंप्रता पुढे-मागे करतं, त्यामुळे कुणीतरी तोंड उघडून मिटतंय असा भास होतो. ही सामग्री त्या काळी सगळ्यांकडेच होती. सॅट्रियानीने ती चालीच्या सेवेला लावली, इतकंच.

आणखी एक गोष्ट मराठी कानाला विशेष जवळची वाटेल. पाश्चात्त्य रचनाकार सहसा रंग बदलण्यासाठी आधारस्वरच हलवतात. सॅट्रियानीला वेस्टकॉटकडून मिळालेली एक युक्ती निराळी आहे; तिला ‘पिच ॲक्सिस’ म्हणतात. बेसमध्ये एकच स्वर धरून ठेवायचा आणि वरचं स्वरसप्तक बदलत न्यायचं. आपल्या परिभाषेत षड्ज जागचा हलत नाही, थाट बदलतो. तीव्र मध्यम लागला की कल्याण थाटाचा उजळपणा, कोमल निषाद आला की खमाज, गंधार-निषाद दोन्ही कोमल केले की काफी. पाश्चात्त्य कानाला यातून अधांतरी, परग्रहावरचं काहीतरी ऐकल्यासारखं वाटतं. तंबोऱ्याची सवय असलेल्याला मात्र पाय जमिनीवरच आहेत असं जाणवेल. म्हणून तो राग वाजवतो असं मात्र कृपा करून म्हणू नये. थाट म्हणजे राग नव्हे. त्याच्याकडे ना चलन आहे, ना न्यासाचे नियम. चार-आठ मात्रांत तो दुसऱ्या रंगात जातो आणि त्या उडीतच त्याला मजा आहे.

या युक्तीचं सर्वांत सोपं आणि सुंदर उदाहरण म्हणजे चौथी रचना, ‘ऑलवेज विथ मी, ऑलवेज विथ यू’. पत्नीसाठी बांधलेली ही प्रेमरचना आहे. सुट्या स्वरांची शांत साथ, वर एक चाल जी एकदा ऐकल्यावर दुसऱ्यांदा आपण वाद्याच्या आधी म्हणतो. मध्ये आधारस्वर तोच ठेवून शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार येतो, आणि आतापर्यंत निर्धास्त असलेलं गाणं एकाएकी काळजीत पडतं. मग पुन्हा शुद्ध गंधार. साडेतीन मिनिटांच्या आत सगळं संपतं. अल्बममध्ये याहून अवघड पुष्कळ आहे, याहून चांगलं मला सापडलं नाही.

‘सॅच बुगी’ याच्या अगदी उलट स्वभावाची. जुन्या बुगीच्या ठेक्यावर धावणारी, हसरी. मधल्या भागात साथ थांबल्यासारखी होते आणि एकाच तारेवर दोन्ही हातांची बोटं चालतात. मोकळी तार मध्ये मध्ये षड्जासारखी वाजत राहते आणि वरचे स्वर रंग बदलत जातात. ‘मिडनाइट’ तर पूर्णच दोन्ही हातांनी तारा ठोकून वाजवलेली, दोन मिनिटांपेक्षा छोटी रचना. ‘आइस नाइन’ हे नाव कर्ट व्हॉनेगटच्या ‘कॅट्स क्रेडल’ या कादंबरीतल्या एका काल्पनिक पदार्थाचं: बर्फाचं असं रूप, जे पाण्याला लागलं की सगळं पाणी गोठतं. ‘लॉर्ड्स ऑफ कर्मा’मध्ये इलेक्ट्रिक सतार वाजते. ती खरी सतार नसते. विशेष घोडी बसवून जवारीसारखी झणझण काढणारी गिटारच असते, आणि साठच्या दशकापासून अमेरिकन स्टुडिओंत ‘भारत’ हवा असला की तिला बोलावतात. नाव आणि सतार पाहून मी नाक मुरडायच्या तयारीने ऐकायला बसलो होतो. पण रचना सतारीच्या सजावटीवर उभी नाही, वर सांगितलेल्या षड्जाच्या युक्तीवर उभी आहे, आणि म्हणून ती मला आवडते.

सगळंच आवडतं असं नाही. ‘क्रशिंग डे’मध्ये आधी बसवून ठेवलेलं वादन इतकं ठासून भरलं आहे की चालीला हलायला जागा उरत नाही, अल्बममध्ये वेगाने चालीवर मात केली ती इथे. ड्रम मशीनचा कोरडा ठोका आणि ऐंशीच्या दशकातला तो सगळीकडे पसरलेला घुमारा आज जुनाट वाटतो. ‘हिल ऑफ द स्कल’ नसती तर माझं काही अडलं नसतं.

वेष्टनाबद्दल विचारणारे भेटतातच, म्हणून सांगतो. त्यावर मार्व्हल कंपनीच्या चित्रकथांमधला ‘सिल्व्हर सर्फर’ होता, जॉन बर्नने काढलेला. अल्बमचं नाव आधी ठरलं. नावावरून चित्र कंपनीतल्या माणसाला सुचलं. चित्र वापरायचा परवाना पुढे संपला आणि नव्या आवृत्त्यांवरून तो रुपेरी स्वार गेला. जुनी प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी जपून ठेवावी.

अल्बमनंतर सॅट्रियानीचे दिवस पालटले. १९८८ साली ‘रोलिंग स्टोन्स’चा गायक मिक जॅगर याने आपल्या स्वतंत्र दौऱ्यासाठी त्याला गिटारवर घेतलं. १९९६मध्ये त्याने ‘जी थ्री’ नावाने तीन गिटारवादकांचे दौरे सुरू केले; पहिल्यात वाय आणि एरिक जॉन्सन होते. पण त्याच्या कारकिर्दीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी घटना कोर्टातली आहे. डिसेंबर २००८मध्ये त्याने कोल्डप्ले या ब्रिटिश बँडवर दावा लावला: त्यांच्या ‘व्हिवा ला व्हिदा’ या गाजलेल्या गाण्याची चाल आपल्या २००४च्या ‘इफ आय कुड फ्लाय’ या रचनेवरून घेतली आहे, असं त्याचं म्हणणं. कोल्डप्लेने ते नाकारलं आणि पुढच्या वर्षी प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. कोण खरं, हे ठरवायची आपल्याला गरज नाही. बोटांच्या चपळाईसाठी जगभर ओळखला जाणारा वादक कोर्टात गेला तो एका चालीसाठी, एवढं मला पुरे आहे.

त्याच्यामागून आलेल्यांनी मात्र बहुतेक वेळा चपळाईच उचलली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गिटारच्या कसरतींचे अल्बम भराभर निघाले, आणि नव्वदच्या सुरुवातीला निर्वाणासारख्या बँडांनी साध्या, खरबरीत गाण्यांनी सगळं चित्रच बदललं तेव्हा ते तितक्याच भराभर मागे पडले. मुंबई-पुण्यातल्या कॉलेजांच्या बँडस्पर्धांत ‘सॅच बुगी’ वाजवायची धडपड करणारी मुलं अजून दिसतात. वेगात स्वर चुकत नाहीत याकडे त्यांचं लक्ष असतं. चाल लोकांपर्यंत गेली का, हे कुणी तपासत नाही. त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मुलाला आधी ‘ऑलवेज विथ मी’ गळ्याने म्हणायला लावा, मग गिटार हातात द्या.

आणि वाचकांना एवढंच, की सुरुवात पहिल्या रचनेपासून करू नका. चौथी लावा, लागोपाठ दोनदा ऐका, दुसऱ्यांदा बरोबर गुणगुणा. मग ‘सॅच बुगी’, मग ‘लॉर्ड्स ऑफ कर्मा’, आणि शीर्षकरचना त्यानंतर. पुढच्या पानांवरची टिपणं ऐकून झाल्यावरच वाचा. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, चांगले हेडफोन लावा. बेसमध्ये धरून ठेवलेला षड्ज छोट्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, आणि तो ऐकू आला नाही तर वरचे रंग कशावर बदलतायत ते कळणार नाही.